हेडसेट काढल्यावर काय उरतं?

१. पालकांचा प्रश्न

"शाळेत ते व्हीआरचे हेडसेट आणले तर पोरं त्यातून खरंच शिकतात, की नुसतीच खूश होतात?"

आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, विषय निघाला की पालक हाच प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. हेडसेट विकणारा म्हणतो, मुलं विसरणारच नाहीत. जुने शिक्षक म्हणतात, महागडं खेळणं आहे. दोघांनाही उत्तराची घाई झालेली असते. आपण जरा सावकाश जाऊ, आणि उत्तर शोधायला शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत बसू.

कवठ्यातच का? कारण शिकण्याच्या तीन अगदी वेगळ्या वाटा या गावाच्या आसपास सापडतात. टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मधे कुकडीच्या पात्रात जगभरचे अभ्यासक बघायला येतात असे रांजणखळगे आहेत. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव जमिनीखाली सापडलं. आणि पाबळला विज्ञान आश्रम आहे, जिथे चार दशकं मुलं हातांनी काम करत विज्ञान शिकतायत. यांतल्या कुठे हेडसेट लावावा आणि कुठे तो कपाटातच ठेवावा, हे ठरवता आलं की पालकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

२. हेडसेटच्या आत काय असतं?

आधी यंत्र समजून घेऊ. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर उभा धरा. डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. मागच्या भिंतीच्या मानाने अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं. मेंदू ही दोन चित्रं जुळवतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून वस्तू किती लांब आहे ते ठरवतो.

चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे ओळखलं आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं उपकरण मांडलं. कागदावरच्या सपाट रेषांना खोली आली. आजचा हेडसेट मुळात तेच करतो. दोन भिंगं, त्यांच्यामागे पडदा आणि प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र चित्र.

पण एवढ्यावर व्हीआर होत नाही. थ्रीडी सिनेमातही खोली दिसते, मात्र मान मागे वळवली की मागच्या रांगेतली माणसं दिसतात. व्हीआरमध्ये मान वळली की चित्रही त्याच क्षणी वळतं. मागे बघाल तर त्या जगाचा मागचा भाग दिसतो, वर बघाल तर त्याचं आभाळ. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असं पहिलं यंत्र करून दाखवलं. ते इतकं अवजड होतं की छताला टांगावं लागे.

हेडसेटांचे दोन प्रकार ओळखायचे तर दोन शब्द पुरेत: मान आणि पाऊल. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची एक साधी पेटी आणली. तिच्यात मोबाइल सरकवला की झाला हेडसेट. अशा स्वस्त पेटीला फक्त मान कळते. तुम्ही जागेवर बसून चहूकडे बघू शकता, पण पुढे पाऊल टाकलंत तर चित्राला त्याचा पत्ता नसतो. महाग हेडसेटला मान आणि पाऊल दोन्ही कळतं. वाकून वस्तूखाली बघता येतं, तिला वळसा घालता येतो, हातातल्या कंट्रोलरने ती उचलता येते.

काहींना हेडसेट लावल्यावर मळमळतं, त्याचं कारणही इथेच आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. डोळे सांगतात 'आपण पळतोय' आणि कान सांगतो 'आपण बाकावर बसलोय', तेव्हा मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात बसावा, असा प्रयत्न बनवणारे करतात. म्हणून शाळेसाठी पाठ निवडताना एक साधा नियम पाळावा. बघणारं मूल स्थिर असेल आणि भोवतालचं जग हळू हलत असेल तो पाठ चांगला. ज्यात मुलाला उडवत, फिरवत नेलंय तो नको.

३. आपण तिथेच आहोत

हेडसेट लावलेला माणूस कड्याच्या टोकाशी आला की मागे सरकतो. आपण वर्गात उभे आहोत हे त्याला ठाऊक असतं, तरी पाय ऐकत नाहीत. 'मी तिथे आहे' या जाणिवेला आपण उपस्थितीची जाणीव म्हणू. व्हीआरची सगळी ताकद या जाणिवेत आहे.

कवठ्याच्या माणसाला ही जाणीव नवी नाही. हे गाव तमाशाच्या इतिहासात मानाचं. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी कितीतरी फडांसाठी लावण्या आणि वग लिहिले, आणि २०२१ मध्ये ते गेले. वगात राजा आणि प्रधान बोलत बोलत रंगमंचावर एक गिरकी घेतात आणि 'आलो आपण काशीला' म्हणतात. ना पडदा बदलतो, ना घाट दिसतो. पण समोरचे हजार लोक काशीला पोचलेले असतात.

व्हीआरही माणसाला बसल्या जागी काशीला नेतो, पण एक फरक आहे आणि शिक्षणाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. वगात काशी प्रेक्षक उभी करतो. नटाने शब्द दिला, उरलेलं काम ऐकणाऱ्याच्या मनाने केलं. व्हीआरमध्ये घाट, पाणी, गर्दी सगळं यंत्र पुरवतं आणि मनाला फारसं काही करावं लागत नाही. शिकणं म्हणजे मनाने केलेलं काम असेल, तर जितकं जास्त दाखवावं तितकं ते काम कमी होण्याचा धोका असतो. ही नुसती शंका नाही, तसे प्रयोग झालेले आहेत.

४. प्रयोग काय सांगतात?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेत जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना हेडसेट लावून रक्तवाहिनीच्या आतून फिरवलं, पेशी जवळून दाखवल्या. दुसऱ्यांना तीच माहिती संगणकावर साध्या स्लाइडमधून दिली. मग दोघांची परीक्षा घेतली. हेडसेटवाल्यांना पाठ जास्त आवडला. गुण मात्र स्लाइडवाल्यांना जास्त पडले.

पुढच्या वर्षी गीदो मक्रान्स्की, थॉमस टेर्किल्डसेन आणि मेयर यांनी आभासी प्रयोगशाळेवर प्रयोग केला. तोच पाठ पडद्यावर आणि हेडसेटमध्ये देऊन पाहिला. हेडसेटमध्ये उपस्थितीची जाणीव वाढली आणि शिकणं कमी झालं.

असं का व्हावं? आपलं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकतं. रक्तवाहिनीत तरंगणारं मूल वर बघतं, खाली बघतं, बाजूने जाणारी तांबडी पेशी किती मोठी म्हणून थक्क होतं. तेवढ्यात निवेदकाने पांढऱ्या पेशीचं काम सांगून टाकलेलं असतं. चमत्कारात लक्ष खर्च झालं, अर्थासाठी उरलं नाही.

पण पॅरोंग आणि मेयर तिथे थांबले नाहीत, आणि मला त्यांच्या कामाचा पुढचा भागच जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी तोच व्हीआर पाठ तुकडे करून दिला. प्रत्येक तुकड्यानंतर आपल्याला काय कळलं ते विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. असं लिहिणारे विद्यार्थी, तोच पाठ सलग बघणाऱ्यांपेक्षा चांगले शिकले. यंत्र तेच, पाठ तोच. भर पडली ती फक्त थांबून लिहिण्याची.

म्हणजे व्हीआर शिकवतो का, या प्रश्नातच गडबड आहे. व्हीआर दाखवतो. शिकणं सुरू होतं हेडसेट काढल्यावर. आणि ते होईल की नाही हे हेडसेटच्या किमतीवर ठरत नाही, त्यानंतरची दहा मिनिटं शिक्षकाने कशी वापरली यावर ठरतं.

५. कुंडावर पायी जावं

आता कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांपाशी, म्हणजे कुंडावर, उतरू. काळ्या बसाल्टात रांजणासारखे खोल, गोल, गुळगुळीत खळगे. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षं खडकावर गरगर फिरले आणि त्यांनी खडक कोरला. एवढं एक वाक्य पुस्तकात असतं, मुलं ते पाठ करतात.

हा पाठ हेडसेटमध्ये द्यावा का? कवठ्याच्या मुलांना तरी आधी नाही. त्यांनी कडेने, शिक्षकांबरोबर, कोरड्या दिवसांत तिथे जावं. खडकावरून हात फिरवावा. खळग्याच्या तळाशी साचलेले गोटे उचलून बघावेत; ते गोल आणि गुळगुळीत असतात. खडक कोरणारं हत्यार कोरता कोरता स्वतःही झिजलं, हे मुलाला हातातल्या गोट्यावरून आपोआप कळतं. तो गुळगुळीतपणा, तापलेला खडक, गोट्याचं वजन यांतलं काहीही हेडसेटमध्ये नाही.

मात्र दोन गोष्टी पायी जाऊन दिसत नाहीत. पुराच्या वेळी खळग्याच्या आत काय चालतं ते बघायला कोणी उतरू शकत नाही. आणि हजारो वर्षांची झीज कोणाच्या आयुष्यात मावत नाही. पुराचं पाणी आतून दाखवणारा, आणि हजारो वर्षं तीन मिनिटांत सरकवणारा पाठ असेल तर हेडसेट लावण्यात अर्थ आहे. तोही सहलीनंतर, म्हणजे मुलांकडे प्रश्न तयार असतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन बरीच वर्षं व्हीआरचा अभ्यास करतायत. त्यांची कसोटी साधारण अशी: जी गोष्ट प्रत्यक्षात करणं धोक्याचं, अशक्य, नुकसानीचं किंवा फार खर्चाचं आहे, तिथेच व्हीआर वापरा. शिरूरच्या माणसाला यातल्या 'धोक्याचं'ला उदाहरण शोधावं लागत नाही. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांत उसातला बिबट्या ही घराघरातली धास्ती आहे, मुलांचे जीव गेले आहेत. समोर बिबट्या आला तर पळायचं नाही, खाली वाकायचं किंवा बसायचं नाही, घोळक्याने राहायचं, मोठा आवाज करायचा, हळूहळू मागे सरायचं, हे भित्तिपत्रकावर वाचलेलं ऐन वेळी पाय विसरतात. अंगाला सवय लावायची तर सराव हवा, आणि हा सराव खऱ्या बिबट्यासमोर करता येत नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी आणि उसात काम करणाऱ्यांसाठी असा पाठ वनखात्याच्या सल्ल्याने व्हावा, असं मला मनापासून वाटतं. लहानग्यांना मात्र तो दाखवू नये. उपस्थितीची जाणीव खरी असते, तशी तिथली भीतीही खरी असते.

६. इनामगाव: दिसतं ते सगळं खरं?

जे काळाच्या पलीकडे गेलं तिथे व्हीआरला तोड नाही. इनामगाव हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि व्हीआरचा सर्वांत मोठा धोकाही तिथेच दिसतो.

१९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० एवढा काळ इथे शेतकरी वस्ती होती. मधल्या काळात आयताकृती प्रशस्त घरं होती. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला आणि शेतीची घडी विस्कटली, असा अर्थ ढवळीकरांनी यातून लावला. हे लोक सातू पिकवत, गुरं पाळत. लहान मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना त्याची पावलं तोडत. पाच खोल्यांचं एक घर सापडलं, जवळ धान्याचं कोठार; ते गावप्रमुखाचं असावं. तिथल्याच अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस सापडला, आणि त्याची पावलं तोडलेली नव्हती.

सातवीच्या मुलाला हे सांगितलं की त्याचे डोळे मोठे होतात. पण 'इथे घर होतं' म्हणून जे दाखवतात ते काय असतं? जमिनीचा चोपलेला थर, चूल, खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांच्या खुणा. त्यावरून घर मनात उभं करणं तज्ज्ञालाच जमतं. व्हीआरमध्ये मूल दारातून वाकून आत जाईल, चुलीशेजारी उभं राहील, बाहेर येऊन घोड नदी केवढ्या अंतरावर आहे ते बघेल. आधी आयताकृती घरांचं गाव, मग त्याच जागी गोल झोपड्या, असं एकामागून एक दाखवलं तर दुष्काळाने गावाचं काय केलं हे नकाशावर बोट ठेवून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता धोका. खांबाचे खड्डे उत्खननात सापडले. छप्पर सापडलं नाही. त्याचा उतार चित्रकाराने ठरवला. चूल सापडली, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या लुगड्याचा रंग कोणाला ठाऊक नाही. मडक्यांवरची नक्षी खरी. लोक कोणती भाषा बोलत ते कळायला मार्ग नाही. पुस्तकात 'असावं', 'बहुधा' असे शब्द वापरून ही दरी दाखवता येते. व्हीआरमध्ये 'बहुधा' नाही. सापडलेली चूल आणि कल्पनेतलं छप्पर दोन्ही सारख्याच ठसठशीतपणे समोर उभी राहतात, आणि मूल दोन्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं धरतं.

यावर उपाय अवघड नाही. पाठ करतानाच दोन थर ठेवावेत. बटण दाबलं की फक्त सापडलेल्या गोष्टी उरतील आणि कल्पनेचा भाग विरून जाईल. आधी मुलांनी पूर्ण गाव बघावं, मग बटण दाबावं. किती थोड्या खुणांवरून किती मोठं गाव उभं केलंय हे बघून मुलं चकित होतील, आणि पुरातत्त्वज्ञ नेमकं काय करतो ते त्यांना तेव्हा कळेल. असं बटण नसेल तर वहीत दोन रकाने पाडावेत, 'खणून सापडलं' आणि 'कल्पनेने भरलं'. शिक्षकाने उत्खननाची माहिती हाताशी ठेवावी आणि मुलांना भांडू द्यावं.

७. पाबळची आठवण

डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या, नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना हाताने काम करू दिलं की विज्ञान कळतं, असा त्यांचा विश्वास होता. मुलं वेल्डिंग करत, घुमटासारखी घरं बांधत, शेती, वीज, स्वयंपाक सगळं शिकत. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. दुष्काळी पाबळला जगातलं नवं यंत्र आलं, ते वस्तू बघण्यासाठी नाही, घडवण्यासाठी.

व्हीआरचा विचार करताना ही कसोटी फार उपयोगी पडते: मूल बघतंय, की करतंय? अमेरिकेत येल विद्यापीठात शल्यचिकित्सा शिकणाऱ्या १६ डॉक्टरांवर एक प्रयोग झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सराव आधी आभासी यंत्रावर केला. खऱ्या शस्त्रक्रियेत त्यांचा वेग २९ टक्के जास्त निघाला आणि चुकाही बऱ्याच कमी झाल्या. रक्तवाहिनीतली सफर हरली आणि शस्त्रक्रियेचा सराव जिंकला. या यशाचं मोठं कारण मला असं दिसतं की सराव करणाऱ्याच्या हातात हत्यार होतं, चूक झाली की लगेच दिसत होती आणि तीच गोष्ट पुन्हा करता येत होती.

पण वेल्डिंग शिकायला पाबळसारखी जागा जवळ असताना ते हेडसेटमध्ये शिकवू नये. फार तर ठिणगी उडण्याआधीचा पहिला सराव तिथे व्हावा.

८. चाळीस मुलं, चार हेडसेट

हिशेब मांडू. वर्गात ४० मुलं, शाळेकडे ४ हेडसेट. पाठ ६ मिनिटांचा. लावणं, पट्टा जुळवणं, पुसणं यांत आणखी ३ मिनिटं. चार चार मुलांच्या १० तुकड्या, म्हणजे ९० मिनिटं. तास ३५ मिनिटांचा. हेडसेट लावलेली चार मुलं आश्चर्याने ओरडतात आणि उरलेली छत्तीस गोंगाट करतात, असं होऊ द्यायचं नसेल तर त्या छत्तीस जणांच्या हाताला काम हवं.

पाठ ३ मिनिटांवर आणला तर तुकडीला ६ आणि सगळ्यांना ६० मिनिटं लागतात. दोन तास जोडून घेतले की जमतं. इनामगावचा पाठ असेल तर एक गट मैदानात दोरी आणि चुन्याने घराचा आराखडा आखेल, एक गट मातीची मडकी करेल, एक गट दोन रकाने भरेल. आळीपाळीने सगळे सगळीकडे जातील. मुलांनी बसूनच हेडसेट लावावा. वयाची मर्यादा पाळावी. मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या हेडसेटसाठी ती १३ वरून १० वर्षांवर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. पाठ आदल्या दिवशीच उतरवून घ्यावा आणि हेडसेट रात्रीच चार्ज करून ठेवावेत, कारण तासाच्या वेळी नेट आणि वीज दोन्ही असतीलच असं नाही.

९. पाठ कोण करणार?

सर्वांत मोठी अडचण यंत्राची नाही. तयार पाठ बहुतेक इंग्रजीत आहेत. पिरॅमिड, डायनासोर, प्रवाळ हे त्यांचे विषय. भाषेची अशीच अडचण शिक्षक रणजितसिंह डिसले यांना आली होती. ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत गेले तेव्हा पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती. ती घरची भाषा कन्नड होती. त्यांनी ती शिकून घेतली, मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकात क्यूआर कोड लावून आवाज, चित्रफिती जोडल्या. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. त्यांच्या कामात तंत्र साधं होतं. मुलाला काय अडतंय याची जाण पक्की होती.

त्याच वाटेने जाता येईल. चहूकडचं चित्र एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेरा आता एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो, आणि तो एका शाळेने घ्यायची गरज नाही, केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरता ठेवता येतो. कवठ्याच्या आठवी-नववीच्या मुलांनी कुंडाचा पाठ स्वतः करावा. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवताना खळग्यांचा आकार नीट बघावा लागेल. तीन मिनिटांत काय सांगायचं हे ठरवताना काय महत्त्वाचं ते निवडावं लागेल. निवेदन लिहिताना 'झीज' हा शब्द पाचवीच्या मुलाला कसा समजवायचा यावर डोकं लढवावं लागेल. मळगंगा देवीच्या यात्रेला इथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुरांबद्दल विचारावं लागेल, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा लागेल.

पहिला पाठ ओबडधोबड होईल. तो नदी न पाहिलेल्या, लांबच्या एखाद्या शाळेला पाठवावा. तिथल्या मुलांनी हेडसेट काढल्यावर विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून परत मागवावा, आणि त्या प्रश्नांच्या यादीवरून दुसरा पाठ करायला बसावं.